जुने संगणक-खेळ व नवी यंत्रे



१९७१ साली अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी डॉन रॉविच नावाचे एक उमेदवार शिक्षक आठवीच्या वर्गास इतिहास शिकवीत होते. एकोणिसाव्या शतकात बैलगाड्या जुंपून पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांचे हाल मुलांना कसे उमगावेत, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. बिल हाइनमन व पॉल डिलनबर्गर या सोबत्यांच्या साहाय्याने त्यांनी ‘ओरेगॉन ट्रेल’ हा संगणक-खेळ सिद्ध केला. सत्र संपले आणि खेळ संगणकावरून पुसला गेला. परंतु रॉविच यांनी त्याच्या आज्ञावलीचा छापील कागद जपून ठेविला होता. १९७४ साली मिनेसोटाच्या शैक्षणिक संगणक संस्थेत गेल्यावर त्याच कागदावरून त्यांनी तो पुन्हा यंत्रात उतरविला. आणि पुढे तो शाळाशाळांतून पोहोचला.

१९९० साली या खेळाची एक आवृत्ती डॉस या प्रणालीसाठी निघाली. डॉस १९८१ पासून घरोघरीच्या संगणकांवर चालत असे. तिच्यासाठी लिहिलेले असंख्य खेळ आज नव्या यंत्रावर उघडत नाहीत. याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. ते खेळ सोळा बिटांच्या यंत्रासाठी रचलेले असून आजचे चौसष्ट बिटांचे विंडोज ते स्वीकारीत नाही. पूर्वीचा खेळ पडदा व ध्वनिपट्टिका यांच्याशी थेट व्यवहार करी. आता तशी मुभा नाही. शिवाय काही खेळांची गती यंत्राच्या वेगावर अवलंबून असे. ते वेगवान यंत्रावर चालविल्यास खेळणाऱ्याने बोट हलविण्यापूर्वीच डाव संपतो!

यावर उपाय म्हणून २००२ साली ‘डॉसबॉक्स’ ही विनामूल्य आज्ञावली प्रसिद्ध झाली. ती नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल उभी करते. मात्र ती चालविण्यास आज्ञा टंकाव्या लागतात, आणि नवख्या माणसाचे पाऊल तेथेच अडखळते. म्हणून जाणकार मंडळी खेळाची शिदोरी बांधून देतात. एका फोल्डरमध्ये खेळ, डॉसबॉक्स आणि मांडणीची एक छोटी फाइल ठेवावयाची. त्या फाइलमध्ये कोणता फोल्डर ‘सी’ ड्राइव्ह मानावा, वेग किती ठेवावा, आरंभी कोणती आज्ञा द्यावी व खेळ संपताच खिडकी कशी मिटावी, हे एकदाच लिहावयाचे. मग खेळणाऱ्याने चिन्हावर दोनदा टिचकी मारावी, की झाले. सोबत मूळ माहितीपुस्तिकाही ठेवावी. कारण काही खेळ आरंभी त्या पुस्तिकेतील एखादा शब्द विचारतात, आणि तो ठाऊक नसल्यास पुढे जाऊ देत नाहीत.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. एखादा खेळ दुकानात मिळेनासा झाला, म्हणून त्यावरील हक्क संपत नाही. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार संगणकाची आज्ञावली हीसुद्धा साहित्यकृतीच होय. म्हणून हक्कदाराने मोकळे केलेले वा रीतसर विकत घेतलेले खेळच शाळेत आणावेत. २००८ साली पोलंडमध्ये सुरू झालेले ‘जीओजी’ हे विक्रीकेंद्र कित्येक जुने खेळ डॉसबॉक्ससह बांधूनच देते.

मुलांपुढे ठेवण्यापूर्वी शिक्षकाने खेळ स्वतः शेवटपर्यंत खेळून पाहावा. ‘ओरेगॉन ट्रेल’मध्ये धान्य किती, बैल किती, कपडे किती घ्यावेत याचा हिशेब चुकला, तर वाटेत कुटुंब संकटात सापडते. त्या हिशेबावर वर्गात चर्चा झाली तरच खेळ हा पाठ होतो. एरवी तो निव्वळ वेळ घालविणे ठरतो.

बांधणाऱ्याचे श्रम खेळणाऱ्यास दिसत नाहीत, आणि यातच त्या श्रमांचे साफल्य आहे. उत्तम पाठाची पूर्वतयारीही अशीच अदृश्य असते. प्रत्येक शाळेच्या कपाटात एखाद्या बदलून गेलेल्या गुरुजींनी अथवा बाईंनी केलेले साधन पडून असते. ते कसे वापरावे, हे सांगणारे आता तेथे कोणी नसते. अशा प्रत्येक साधनासोबत वापराच्या चार ओळींची चिठ्ठी ठेविली जावी. एका कागदाने एक खेळ वाचला. एका चिठ्ठीने एका शिक्षकाचे कष्ट पुढच्या वर्गापर्यंत निश्चित पोहोचतील.