घरातला कॉम्प्युटर : किल्ली कुणाकडे?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



कॉम्प्युटर आणि व्हायरस हा आपल्या शिबिराचा विषय कसा, असं सकाळी दोघी-तिघींनी विचारलं. मारहाण, पोटगी, रेशन हे आपले विषय. पण आज पोटगीच्या अर्जाची प्रत, बँकेचा हिशेब, वकिलांशी झालेला पत्रव्यवहार हे सगळं घरच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. केंद्राची पायरी चढण्याआधी बाई तिथूनच आपल्याला मेल करते. तो मेल घरातलंच कुणी वाचत असेल, तर संध्याकाळी तिच्यावर काय ओढवेल हे तुम्हाला सांगायला नको.

आधी बाहेरून येणारं दुखणं बघू. व्हायरस म्हणजे माणसानंच लिहिलेला प्रोग्रॅम. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' फ्लॉपीवरून पसरला. त्यात त्यांनी चक्क स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला होता! मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' असा मेल जगभर फिरला, सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल. ती उघडली की तोच मेल आपल्या ओळखीच्या सगळ्यांना जायचा. ओळखीच्या माणसाकडून आलं म्हणून लोक उघडत गेले. ही युक्ती आजही चालते, फक्त प्रेमपत्राच्या जागी वीजबिल किंवा कोर्टाची नोटीस असते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'नं फायलींना कुलूप घालून खंडणी मागितली, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं अडली. त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते सापडले. म्हणून पडद्यावर 'अपडेट करा' असं आलं की 'नंतर' दाबू नका.

नवा कॉम्प्युटर घेताना दुकानदार म्हणतो, "ताई, सगळं टाकून देतो, वर पैसे नकोत." ही बहुतेक वेळा चोरीची प्रत असते. ती चालावी म्हणून जो 'क्रॅक' टाकतात, त्यासाठी आधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो. मग घाण शिरायला दार उघडंच! परवान्याचं विंडोज परवडत नसेल तर लिनक्स आणि लिब्रे ऑफिस फुकट मिळतं, त्यात मराठीही टाइप होतं. विंडोज १० आणि ११ मध्ये 'डिफेंडर' हा अँटीव्हायरस आतच असतो. घरच्या कामाला तो पुरतो असं माझं मत आहे. मात्र विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. संस्थेला देणगीत जुने कॉम्प्युटर मिळतात, तेव्हा हे आधी विचारा.

आता खरा मुद्दा. कॉम्प्युटर घरी आला की तो सुरू करून देतं कोण? नवरा, दीर, नाहीतर भाचा. पासवर्ड तोच ठरवतो. विंडोजमध्ये दोन तऱ्हेची खाती असतात: साधं आणि 'अॅडमिनिस्ट्रेटर'. दुसरं ज्याच्या हाती, तो तुम्हाला न विचारता हवं ते सॉफ्टवेअर टाकू शकतो. त्यात 'की-लॉगर' आला, म्हणजे तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण टिपून घेणारा हेर. 'डिफेंडर'नं तो पकडू नये म्हणून त्याचं नाव 'एक्सक्लूजन्स'च्या यादीत घालता येतं. मग अँटीव्हायरस तिकडे बघतसुद्धा नाही. कधी कीबोर्डची वायर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बोटाएवढा तुकडा बसवलेला असतो. मागे हात घालून बघा.

बरेचदा याचीही गरज नसते. क्रोममध्ये नवऱ्याचं गूगल खातं सुरू असेल आणि 'सिंक' चालू असेल, तर तुम्ही कुठली पानं पाहिलीत ते त्याच्या फोनवर दिसतं. तिथे कुठलाही अँटीव्हायरस काही बोलणार नाही, कारण त्याच्या लेखी सगळं ठीकच चाललेलं असतं.

कायदा काय म्हणतो? बाईच्या इंटरनेट किंवा ईमेलच्या वापरावर पुरुषानं पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. त्यात नवऱ्याला सूट नाही. आधी तो २०१३ पासून ३५४-ड मध्ये होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या, किंवा कॉम्प्युटर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या, परवानगीचा प्रश्न विचारतं. म्हणून कॉम्प्युटरचं बिल स्वतःच्या नावानं घ्या, जपून ठेवा. दुसरी बाजूही सांगते. नवऱ्यानं बायकोशी फोनवर झालेलं बोलणं चोरून टिपलेलं असलं, तरी घटस्फोटाच्या दाव्यात ते पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२५ ला म्हटलं. ते प्रकरण हेर-सॉफ्टवेअरचं नव्हतं, पण पाळत ठेवणाऱ्याला यातून हुरूप येईल अशी मला धास्ती वाटते.

समजा, हेर सापडला. लगेच काढू नका! काढला की तिकडे बातम्या बंद होतात आणि त्याला कळतं. ज्या घरात हात उचलला जातो तिथे ती रात्र धोक्याची. आधी बाई सुरक्षित कुठे राहील ते ठरवा. दुसऱ्याच फोननं पडद्याचे फोटो घ्या, तारखा लिहून ठेवा, वकिलांना दाखवा. नवे पासवर्ड मैत्रिणीच्या किंवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवरून घाला, जुन्यावरून घातले तर तेही टिपले जातील. मदतीचा शोधही घरच्या यंत्रावर घेऊ नये.

आणि आपल्या केंद्राचं काय? शेकडो बायकांच्या हकिगती एका कॉम्प्युटरमध्ये, पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला, जो येईल तो आपला पेन ड्राइव्ह लावतो! प्रत्येकीचं वेगळं खातं हवं, अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड दोघींकडेच हवा. आठवड्याला फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. लावून ठेवली तर खंडणीवाला व्हायरस तीही कुलूपबंद करतो.

जेवणानंतर इथल्याच लॅपटॉपवर ती 'एक्सक्लूजन्स'ची यादी उघडून बघू. ज्यांनी स्वतःचा लॅपटॉप आणलाय, त्यांनी चार्जर लावून ठेवा.