आकडा, उच्चार आणि आकृती

‘पंचवीस’ हा शब्द उच्चारताना पाच आधी येतात, वीस मागाहून. लिहिताना मात्र प्रथम २ आणि नंतर ५. मराठी बालकाला गणिताच्या वाटेवर पहिली ठेच लागते ती बहुधा येथेच. इंग्रजीत आणि कानडीत दशक आधी उच्चारतात. त्यामुळे बंगळूरच्या मराठी घरातील मुलाला शाळेत एक क्रम ऐकू येतो आणि घरी दुसरा. २०१९ साली बालभारतीने इयत्ता दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशीही रीत दिली, तेव्हा मोठा वाद माजला. वाद शब्दांचा झाला. मुलाला संख्या उमगते कशी, हा मूळ प्रश्न मागेच राहिला.

कोणी कानाने शिकतो, कोणी डोळ्यांनी, कोणी हातांनी, अशी विद्यार्थ्यांची विभागणी करण्याचा प्रघात आहे. आवडी भिन्न असतात, हे खरेच. परंतु मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ साली या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा अशा विभागणीनुसार शिकविल्याने लाभ होतो, याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. मग सर्वांना एकाच साच्यातून काढावे काय? मुळीच नाही. प्रत्येकाला सर्व रूपे द्यावीत.

एक, तीन, पाच अशा विषम संख्या क्रमाने मिळवीत गेल्यास बेरीज नेहमी वर्गसंख्याच येते. हा नियम पाठ होतो. पण का, ते कळत नाही. आता एक चिंचोका ठेवा. त्याच्या उजवीकडे एक, खाली एक, कोपऱ्यात एक, असे तीन मांडा: दोनाचा चौरस झाला. याच रीतीने भोवती पाच मांडा: तिनाचा झाला. प्रत्येक वेळी उजवी व खालची बाजू एकेका चिंचोक्याने वाढते, म्हणून दोनच अधिक लागतात. आकाशवाणीवरून चिंचोके दाखविता येत नाहीत. तरीही श्रोत्यांच्या मन:चक्षूंपुढे तो चौरस उभा राहिला असेल, तर केवळ कानाने ऐकलेले डोळ्यांपर्यंत पोहोचले, असे म्हणावयास हरकत नाही.

गणिती कल्पनेचे आकलन या स्थित्यंतरातच असते. म्हणून घडाघडा पाढे म्हणणाऱ्याला मांडून दाखवावयास सांगावे आणि अबोलपणे आकृती काढणाऱ्याला ती शब्दांत सांगावयास लावावे. ‘हा डोळ्यांनी शिकणारा’ अशी चिठ्ठी एकदा कपाळी लागली, की त्या मुलाचा कान आपण बंद करतो. तो अधिकार कोणत्याही शिक्षकाला नाही, पालकालाही नाही.