आमच्या घरची गोधडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण "तुमच्या घरच्या गोधडीची हकीगत सांगा" असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे. दुःखात हाताला काम असावे आणि ते घरातल्या सर्वांनी मिळून करावे, एवढेच मला सांगायचे आहे.

आमचा थोरला मुलगा एकोणिसाव्या वर्षी तापाने गेला, हे तुम्हांपैकी बहुतेकींना ठाऊक आहे. दिवसवार झाले, पाहुणे परतले आणि घर मुके झाले. ह्यांनी त्याचे नाव घेणे सोडले. धाकटा शाळेतून आला की पुस्तकात तोंड घालून बसे. त्याचे सदरे ट्रंकेत तसेच होते. लोक म्हणत, देऊन टाका. माझ्याने ते होईना.

आषाढात मुलीने ती ट्रंक उघडली. म्हणाली, "आई, आजी लुगड्यांच्या गोधड्या शिवायची ना? दादाच्या कपड्यांची एक शिवू या." सासूबाईंची जुनी नऊवारी लुगडी आस्तराला आणि आतल्या थराला घेतली. ह्यांनी सदऱ्यांची बटणे काढली, शिवणी उसवल्या. धाकट्याने तुकडे पडवीत मांडून नक्षी ठरवली. मुलगी आणि मी कडेपासून आत धावदोरा घालीत गेलो, बोटाच्या पेराएवढे अंतर राखून एकेक ओळ.

एके दिवशी एक सदरा उसवताना हे आपणहून म्हणाले, "हा त्याने भाट्याच्या वाळूत लोळून मळवला होता." धाकटा म्हणाला, "वाळू मीच टाकली होती त्याच्या अंगावर!" आणि दोघे हसले. मग हेही रडले, मीही रडले. पण त्या दिवशी कोणी उठून गेले नाही.

भगिनींनो, समोरासमोर बसून जे बोलवत नाही, ते खाली मान घालून काम करताना बोलवते. दुःख केवढे आहे हे कळत नाही. पण आज चार ओळी झाल्या हे तरी दिसते.

ही काही माझ्या एकटीची गोष्ट नाही. न्यायमूर्ती रानडे 1901 च्या जानेवारीत वारले, तेव्हा रमाबाईंनी जवळजवळ वर्षभर घराबाहेर पाऊल टाकले नाही. पुढे 1909 मध्ये पुण्याच्या त्यांच्याच वाड्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. तिथे विधवा आणि गरजू बायका लिहिणे-वाचणे आणि शिवणकाम शिकल्या. यजमानांच्या आठवणींचे रमाबाईंचे पुस्तक 1910 मध्ये निघाले. लिहिणे हेही हाताचेच काम नव्हे का?

दूरदेशीचीही एक गोष्ट मुलीने मला वाचून दाखवली. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात 1973 साली लष्कराने सत्ता घेतली आणि कितीतरी जणींचे नवरे, मुलगे बेपत्ता झाले. सांतियागो शहरातल्या त्या बायका एकत्र बसून गोणपाटावर चिंध्यांची चित्रे शिवू लागल्या. काहींनी हरवलेल्या माणसाच्या कपड्यांचेच तुकडे त्यात लावले. त्यांची भाषा आपल्याला येत नाही. पण ते तुकडे जपण्यामागचे मन आपल्याला कळते.

गोधडीने मुलगा परत येत नाही, हे मला पुरते ठाऊक आहे. शिवाय घाईही करू नये. नव्या दुःखात माणसाला रडू द्यावे, ट्रंक त्याच्या मनात येईल तेव्हाच उघडावी. कोणाची झोप, अन्न महिनोन्‌महिने सुटले असेल, तर नुसत्या सुईदोऱ्यावर विसंबू नये. मनाचे रुग्णालय आपल्या रत्नागिरीतच आहे; तिथे जाण्यात लाज कसली?

मंडळाला माझी एक विनंती आहे. एखादीच्या घरी दुःख झाले की आपण भेटायला जातो, दोन शब्द बोलतो आणि परततो. ते योग्यच आहे. पण महिना-दोन महिन्यांनी, घर सुने पडते तेव्हा पुन्हा जावे, तिला विचारून सुई, दोरा, जुने मऊ कापड बरोबर न्यावे. घरच्या पुरुषांना आणि मुलांनाही जवळ बसवावे. बोलायला काही सुचले नाही तरी चालेल. तिच्याबरोबर एक ओळ घालून यावे.