न जुळणारं रीडिंग



बक्षीस समारंभ आणि तुमच्यामध्ये आता फक्त माझं भाषण उरलंय, याची मला जाणीव आहे. म्हणून एका माशीपुरतंच बोलतो.

१९७३ साली कॅनडात व्हँकुव्हरला डेव्हिड सुझुकी यांच्या गटाने फळमाशीचा एक विचित्र वाण नोंदवला. तापमान २९ अंशांवर गेलं की या माश्या पटापट आडव्या व्हायच्या आणि थंडावा मिळाला की उठून चालू लागायच्या. वाणाचं नाव ठेवलं ‘शिबिरे’.

पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या मज्जातंतूंची टोकं तपासली गेली. तिथे संदेशाचं रसायन भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्या वापरून झाल्या की पेशी आपलंच पटल आत ओढून नव्या पिशव्या करते. गरम केलेल्या माशीत पटलाला खळगे पडले होते, पण ते सगळे मानेशी लटकून राहिलेले! पिशव्या संपल्या, संदेश थांबला, माशी पडली.

१९८९ मध्ये गुरांच्या मेंदूतून डायनॅमिन नावाचं प्रथिन वेगळं काढलं गेलं होतं, तेव्हा त्याचं काम भलतंच समजलं गेलं. १९९१ मध्ये शिबिरेचं जनुक वाचलं, तर त्यात हेच प्रथिन निघालं. मोदकाच्या पाकळ्या मिटून वरचं टोक खुडावं, तसं डायनॅमिन खळग्याच्या मानेभोवती वेटोळं घालतं, जीटीपीची ऊर्जा वापरून आवळतं आणि पिशवी सुटी करतं. बऱ्याच पिशव्या मग एंडोसोमकडे जातात. तिथे माल निवडला जातो: काही पृष्ठभागावर परत, काही लायसोसोममध्ये मोडीत. यकृत रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल उचलतं, तेही याच वाटेने.

आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, के. एस. कृष्णन यांनीही याच माश्यांवर काम केलं.

आता तुमच्याकडे येतो. प्रॅक्टिकलला रीडिंग जुळलं नाही की शेजाऱ्याच्या जर्नलमधून उतरवायचं, ही आपली जुनी परंपरा. पडलेल्या माश्या ‘मेल्या’ म्हणून कुणी फेकून दिल्या असत्या, तर हा धागाच हाती लागला नसता. तेव्हा मुलांनो, न जुळणारं रीडिंग जसंच्या तसं लिहा. आणि सर, मॅडम, त्यासाठी कृपा करून मार्क कापू नका.