तक्रार करणारा एकटा पडू नये



कामगारांच्या या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीनं मी आपणा सर्वांचं भोरमध्ये मनापासून स्वागत करते.

रायरेश्वर, राजगड आणि तोरणा यांच्या कुशीतला हा मुलूख. १९४८ पर्यंत भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं. शेजारच्या वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं आहे, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. इथं पाऊस भरपूर आणि भात चांगला पिकतो, पण शेतं लहान आणि उताराची. भाटघर धरणाचं पाणी खाली बारामती-फलटणकडच्या उसाला जातं. म्हणून इथली माणसं पिढ्यानपिढ्या पोटासाठी बाहेर पडली. आधी मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेली, आता पुणे-सातारा महामार्गावरच्या कारखान्यांत जातात.

पहाटे चेलाडीच्या फाट्यावर उभं राहिलं की ही माणसं दिसतात. शिरवळ आणि खेड-शिवापूरकडे जाणाऱ्या गाड्यांची वाट पाहत बायका उभ्या असतात. एका हातात डबा, गळ्यात ओळखपत्र. त्या ओळखपत्रावर बहुतेक वेळा नाव असतं ते ठेकेदाराचं. बायका पॅकिंगला आणि पुरुष मशीनवर, ही वाटणी कुणी केली ते कुणालाच ठाऊक नसतं, पण हजेरीचा आकडा तिच्यावरूनच ठरतो. काही महिने भरले की ‘ब्रेक’ मिळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एखादीला दिवस गेले की मुकादम म्हणतो, ‘ताई, आता घरीच आराम करा.’ शेतातही निराळं नाही. लावणीच्या दिवसांत भर पावसात, चिखलात दिवसभर वाकून राहणाऱ्या बाईच्या हातावर संध्याकाळी गड्यापेक्षा कमी पैसे ठेवले जातात आणि घेणाऱ्या-देणाऱ्या दोघांनाही त्यात काही गैर वाटत नाही.

मित्रहो, भेदभावाची खरी ताकद यातच आहे. तो रीत बनून येतो आणि सगळ्यांच्या संमतीनं चालतो. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, अशी समजूत होती. ही बंदी जपत होते ते सोबतचे सवर्ण कामगारच. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांनाच याचा जाब विचारला. कामगारांची एकजूट मागणाऱ्यांनी आधी आपल्या खात्याचं दार उघडावं, हा त्यांचा आग्रह होता. आजच्या परिषदेनंही तो आग्रह स्वतःला लावून घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

मुंबईतलेच दोन खटले मी आपल्यापुढे ठेवते. इंटरनॅशनल फ्रँचायझेस या औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात मुलीचं लग्न झालं की तिची नोकरी आपोआप संपे. विवाहित बायका फार रजा घेतात, असं कंपनीचं म्हणणं. बॉम्बे लेबर युनियन मुलींच्या बाजूनं लढली आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयानं तो नियम काढून टाकायला लावला. दुसरा खटला ऑड्री डिकॉस्टा यांचा. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत त्या लघुलेखिका होत्या आणि तेच काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा त्यांना कमी पगार मिळे. युनियनबरोबरच्या करारातच हा फरक मान्य झाला आहे, असा बचाव कंपनीनं केला. आमची आर्थिक ऐपत नाही, असंही सांगून पाहिलं. सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही कारणं नाकारली आणि समान वेतनाचा हक्क कुठल्याही करारानं बुडवता येत नाही, हे ठरवून दिलं. डिकॉस्टा यांची नोकरी गेली १९७७ मध्ये, हा निकाल लागला १९८७ मध्ये. पहिल्या खटल्यात संघटना पाठीशी होती, दुसऱ्यात संघटनेचाच करार आडवा आला. आपली संघटना यांपैकी कुठल्या जागी उभी आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्यानं स्वतःला विचारावं.

मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा निकालही विसरता येत नाही. एका हंगामी कामगाराला एचआयव्हीची लागण असल्याचं वैद्यकीय तपासणीत कळलं आणि कामाला धडधाकट असूनही त्याला कामावर घेणं नाकारलं गेलं. न्यायालयानं त्याचं नाव गुप्त ठेवलं आणि त्याची बाजू उचलून धरली. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, अशा भेदभावाला बंदी घालणारा कायदा संसदेनं केला. एका माणसाची तक्रार पुढच्या हजारोंच्या कामी येते ती अशी.

आज कायद्याचं पाठबळ कमी नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या काही तरतुदींवर संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत आणि ते इथं मोकळेपणानं मांडले जावेत. पण समान किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला समान वेतन, भरतीत स्त्री-पुरुष भेदाला मनाई, कामगाराला नियुक्तीपत्र आणि पगाराची पावती, हे त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. कारखान्यात, कार्यालयात बाईचा लैंगिक छळ झाला तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवीच. ती नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे आणि तक्रार स्वीकारायला तालुक्यात समन्वय अधिकारी नेमायचा असतो. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. हे आमच्या किती लेकीबाळींना माहीत आहे?

कायद्यात एक मोठी फटही आहे. खासगी कारखान्यानं जात पाहून नोकरी नाकारली, तर थेट दाद मागावी असा स्वतंत्र, सर्वंकष कायदा आपल्या देशात नाही. आमच्या डोंगरातल्या कातकरी तरुणाला गेटवरूनच परत पाठवलं, तर त्यानं जायचं कुठं? या प्रश्नावर परिषदेनं ठराव करावा, असं स्वागत समितीला वाटतं.

तक्रारी का होत नाहीत, तेही सांगते. आमच्याकडे ठेकेदार पुष्कळदा गावातलाच असतो, कधी भावकीतला. त्याच्याविरुद्ध बोलायचं म्हणजे जत्रेत, लग्नकार्यात तोंड लपवायची पाळी. पुन्हा दुसऱ्या ठेकेदाराकडेही दार बंद होतं, ते वेगळंच. एकट्या बाईनं हे ओझं उचलावं, अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. मावळात एका घराचं भात लावायला सगळी वाडी इर्जिकीला येते. तक्रारीच्या कागदावरही तशाच दहा जणांच्या सह्या पडायला हव्यात.

म्हणून माझं मागणं साधं आहे. इथून परतल्यावर प्रत्येक संघटनेनं आपल्या भागातल्या ठेकेदारी कामगारांची यादी करावी आणि त्यांचं नियुक्तीपत्र व पगार पावती लेखी मागावी. प्रत्येक गावात निदान दोन बायकांना तक्रारीचा अर्ज लिहायला शिकवावं. आणि ज्याची नोकरी तक्रारीमुळे जाईल, त्याच्या घरची चूल विझू नये एवढी वर्गणी आपण आपसांत गोळा करावी. भोर-वेल्ह्याची सुरुवात आम्ही स्वागत समितीचे सदस्य आमच्या वर्गणीनं आजच करत आहोत.

राहण्या-जेवणाच्या व्यवस्थेत काही उणं पडलं तर हक्कानं सांगा. परिषदेच्या विचारमंथनाला मी शुभेच्छा देते आणि आपलं पुन्हा एकदा स्वागत करून माझे शब्द संपवते.