हळू म्हणायचं की मोठ्यानं?

कवितेची ओळ कागदावर उतरली की तिचा आवाज कवीच्या हातून सुटतो. ती हळू म्हणायची की मोठ्यानं, हे वाचणारा ठरवतो. आपल्या रागसंगीताच्या लिपीतही कोमल-तीव्र स्वर, मात्रा, मींड यांच्या खुणा आहेत. आवाज किती ठेवायचा, ते गुरूकडून शिकायचं.

युरोपीय संगीतात मात्र तेही लिहून देतात. इटालियन ‘पियानो’ म्हणजे हळू, ‘फोर्ते’ म्हणजे जोरात. कागदावर नुसते पी आणि एफ. व्हेनिसच्या जोव्हान्नी गाब्रिएलीच्या १५९७ साली छापलेल्या एका रचनेच्या नावातच हे दोन्ही शब्द आहेत. चायकोव्हस्कीनं तर १८९३च्या सहाव्या सिम्फनीत एका जागी ओळीनं सहा पी लिहिले. इतकं हळू वाजवणं जमतं का, ते सोडा; त्याला काय हवं होतं ते कळतं.

आता हे लेखन संगणकावर होतं. माझ्या एका कवितेला एका तरुण संगीतकारानं चार आवाजांच्या समूहगानाची चाल दिली, तेव्हा मी ते शेजारी बसून पाहिलं. माउसनं यादीत खूण शोधत बसलं तर चाल डोक्यातून निघून जाते. म्हणून कळांच्या जोड्या पाठ. सिबेलियसमध्ये स्वर निवडायचा, कंट्रोल धरून ई दाबायचं, मग कंट्रोल धरूनच एफ. कंट्रोल सुटला तर साधा तिरका एफ उमटतो, धरला तर संगीतातला ठसठशीत एफ. नुसतं एच दाबलं की आवाज चढवणारी, केसांच्या आकड्यासारखी खूण. शिफ्ट धरून दाबलं की उतरती. म्यूझस्कोअर फुकट मिळतं. तिथं साधा मजकूर म्हणून पी लिहिला तर गायकाला दिसतो, पण संगणक वाजवून दाखवताना आवाज तसाच ठेवतो. खूण ही खूण म्हणूनच द्यावी लागते.

ही बोटांची विद्या. १९८८ पासून चालत आलेलं फिनाले कंपनीनं ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवलं, तेव्हा किती जणांच्या बोटांना पुन्हा धुळाक्षरं गिरवावी लागली असतील! मी इनस्क्रिप्टवर लिहितो. पाय मोडायची कळ तिथं डीवर आहे. ती कुणी हलवली तर माझं एक जोडाक्षर धड येणार नाही.

तर, माझ्या शेवटच्या ओळीवर त्यानं दोन एफ टाकले होते. समूहगानाचा शेवट दणक्यात व्हावा म्हणून. त्या ओळीत एक म्हातारी दार नुसतं लोटून घेते, कडी लावत नाही. मुलगा येईल म्हणून. मी म्हटलं, ‘‘अरे बाबा, ती हे शेजाऱ्यांना ऐकू जाऊ देईल का?’’

‘‘थांबा सर,’’ म्हणत त्यानं दोन पी केले आणि ऐकवलं. मग पुन्हा एफ. मग चढता आकडा. पंधरा मिनिटांत ती ओळ आम्ही सहा तऱ्हांनी ऐकली. शाईच्या दिवसांत एवढी खाडाखोड कोण करणार? एरवी सोय आहे म्हणून स्वरास्वरावर खुणा पेरणारेही असतातच, आमच्यात उद्गारचिन्हं पेरणारे कवी असतात तसे.

अखेर त्यानं पुरुषांचे दोन्ही आवाज त्या ओळीपुरते थांबवले आणि बायकांच्या आवाजांवर एकच पी ठेवला. दुसरा का काढलास, विचारलं तर म्हणाला, ‘‘मागच्या रांगेला शब्द कळायला हवेत. शब्द तुमचेच आहेत, सर.’’