पुसण्याआधी



अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावे, असा प्रघात आहे. मला मात्र आज पुसणे आणि झाकणे या दोनच क्रियांविषयी बोलायचे आहे.

उमेदवारीच्या काळात एका शीर्षकदृश्यासाठी मी नर्तकीच्या छायाचित्रामागची भिंत इरेझरने पुसली. तिच्याबरोबर पदराची किनारही गेली. मूळ प्रत न ठेवता फाईल सेव्ह केली. दोन दिवसांनी दिग्दर्शकांनी नेमकी तीच किनार मागितली, आणि ती कुठेच उरली नव्हती. तेव्हापासून मी मूळ चित्राला हात लावत नाही; पुसण्याऐवजी मास्कने झाकतो.

मास्क काहीच नष्ट करत नाही. कोणता पिक्सेल किती दिसावा, एवढेच तो ठरवतो. आठ बिटांच्या चित्रात ० म्हणजे पूर्ण पारदर्शक आणि २५५ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. कड जिवंत वाटते ती मधल्या आकड्यांमुळे. म्हणून फेदर, म्हणजे कडेचा मऊपणा, किती द्यायचा, हा मला सौंदर्यदृष्टीचाच प्रश्न वाटतो.

आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमधला इरेझरही खरे तर मूळ चित्र पुसत नाही. नवखी मुले तो कॉम्पोझिशनच्या खिडकीत फिरवून पाहतात आणि हिरमुसतात. लेयरवर दोनदा क्लिक करून त्याची स्वतंत्र खिडकी उघडा. तिथला प्रत्येक फटकारा पेंट इफेक्टमध्ये वेगळा नोंदला जातो. तो एकाच फ्रेमपुरता ठेवता येतो, नको असेल तर काढूनही टाकता येतो. एखादा डाग किंवा तार घालवायला हे उत्तम. पण चालत्या माणसाची कड अशी धरायला गेलात, तर दर फ्रेमला हात वेगळा पडतो आणि कड थरथरते.

तिथे पेन टूलने काढलेला मास्कच हवा. चित्रपटातल्या पाच सेकंदांच्या शॉटमध्ये साधारणपणे १२० फ्रेम असतात. अख्ख्या माणसाभोवती एकच मास्क काढू नका. डोके, धड, दंड, मनगट वेगळे करा. आधी शॉट नुसता पाहा. पाऊल कुठे टेकते, हात कुठे दिशा बदलतो, तिथे की-फ्रेम द्या, मग मधल्या जागा भरा. आफ्टर इफेक्ट्समध्ये रोटो ब्रश २०१० मध्ये आला आणि कड स्वतःच शोधू लागला. तो जरूर वापरा. पण भुरभुरणारे केस आणि वेगाने धूसर झालेला हात अनेकदा माणसाच्या नजरेनेच सुटतात.

झाकण्याची ही कला जुनीच आहे. फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएस यांनी १८९८ मध्ये पडद्यावर स्वतःचीच डोकी टेबलावर मांडून दाखवली. काळी पार्श्वभूमी आणि एकाच फिल्मवर पुन्हापुन्हा चित्रण, एवढ्यावर ती किमया उभी होती. एका चुकीने आधीचे सगळे चित्रण वाया जाई. आपल्याला मागे फिरता येते, हे केवढे भाग्य!

आपले काम चोख झाले की ते कुणाला दिसत नाही. म्हणूनच श्रेयनामावलीत रोटो, म्हणजे फ्रेमागणिक कड कापणाऱ्या, कलावंतांची नावे आलीच पाहिजेत, अशी मागणी मी या व्यासपीठावरून करतो.

आणि एक विनंती. ‘मास्क १’, ‘मास्क २’ अशी फाईल पुढे देऊ नका. ‘उजवे मनगट’, ‘पदराची किनार’ असे लिहा. रात्रपाळीला तोच शॉट कुणीतरी उघडणार आहे.